चष्मेवाली खार आमच्या गावात

त्या वर्षांत आमच्या गावात अनोळखी गाडी शिरली की स्टँडवरचे लोक एकच प्रश्न विचारत, "कोणाच्या घरी?" कापसाच्या पट्ट्यात तेव्हा पांढऱ्या गाड्या एकाच कामासाठी येत. ज्या घरचा माणूस गेला त्या घरासमोर त्या थांबत, शेजाऱ्यांकडून खुर्च्या मागवल्या जात, फोटो निघत आणि गाड्या धूळ उडवत परत जात. म्हणून संक्रांतीनंतरच्या एका सकाळी दिग्रसच्या रस्त्याने दोन गाड्या आल्या आणि थेट शाळेसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा पंक्चर काढून घ्यायला आलेला एक म्हातारा माझ्या बाबांना म्हणाला, "शाळेत कोण गेलं बाप्पा?"

कोणी गेलं नव्हतं. मुलांसाठी टीव्हीवर रविवारी सकाळी एक ज्ञानवर्धक कार्यक्रम लागायचा, त्याची माणसं आली होती. कार्यक्रमात एक चष्मेवाली खार होती. कापडाची, शेपूट झुबकेदार, आवाज लाडिक. ती दर रविवारी कुठंतरी जायची. कधी टपाल कचेरीत, कधी आगगाडीच्या इंजिनात, कधी कुंभाराकडे. तिथल्या माणसाला ती प्रश्न विचारायची, आणि त्या माणसाने तोंड उघडायच्या आत उत्तरही तीच द्यायची. कुंभार बिचारा अख्खा भाग मान हलवत बसला होता. पोट्ट्यांना ती आवडायची, कारण पोट्ट्यांना टीव्हीवर काहीही आवडतं. मला ती पहिल्यापासून आवडत नव्हती, आणि त्यात माझं काही कौतुक नाही. ते माझ्या घरामुळे होतं.

माझ्या बाबांचं स्टँडवर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एका तारेवर ट्यूब टांगलेल्या असत आणि दुसऱ्या तारेवर पुस्तिका. बाबा दर वर्षी नागपूरला जायचे आणि पिशवीभर पुस्तिका घेऊन यायचे. भानामतीचं थोतांड, राज्यघटना सोप्या भाषेत, पाण्यावर हक्क कुणाचा, मुलींनी का शिकावं. आठ पानी, सोळा पानी, पिन मारलेल्या, बोटांना शाई लागणाऱ्या. आमच्या बौद्ध मोहल्ल्यात बाकी पोरी ठिक्कर खेळायच्या तेव्हा मी त्या वाचत बसायची. त्यातल्या एका पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं की छापलेलं आहे म्हणून खरं मानू नका, या पुस्तिकेतलंसुद्धा. ते वाक्य वाचलेल्या मुलीला सर्वज्ञ खार पटणं शक्य नव्हतं.

खारीबरोबर एक बाई आली होती. ती कार्यक्रमाची दिग्दर्शक. गळ्यात लाकडी मण्यांची माळ, डोक्यावर गॉगल. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा पिताना ती म्हणाली, "विदर्भातून सगळं निगेटिव्हच दाखवतात हो. आम्हाला मुलांसमोर काहीतरी छान आणायचंय. कापसाची गोष्ट. झाडापासून शर्टापर्यंत."

"अगदी योग्य," मुख्याध्यापक म्हणाले. समोरचं माणूस शहरातलं असलं की मुख्याध्यापकांना सगळं अगदी योग्य वाटायचं. आम्हाला मात्र ते काहीही योग्य वाटू देत नसत.

खारीशी बोलायला गावातली एक मुलगी हवी होती. बाई सातवीच्या वर्गात आली आणि तिने विचारलं, "कापसाबद्दल कोण सांगेल मला?" आम्ही सगळे खाली पाहू लागलो. माझ्या बाजूला बसलेली माझी मैत्रीण उठली.

ही मैत्रीण नाल्यापलीकडच्या तांड्यावरची. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी, आणि मास्तरांची नक्कल करायची झाली तर पुस्तकातली मराठीसुद्धा. तिच्याएवढं बोलणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. ती उठली आणि सरकी लावण्यापासून सुरू झाली ते जिनिंगमध्ये तिच्या मामाच्या नाकात रुई जाऊन तो कसा शिंकत शिंकत गंजीवरून घसरला इथपर्यंत आली. बाईने टाळ्या वाजवल्या. "हीच! हीच पाहिजे!"

"मॅडम," मैत्रिणीने विचारलं, "हे टीव्हीवर माही याडी पाह्यन काय?"

याडी म्हणजे आई. मुख्याध्यापकांनी तसं सांगितलं.

"अख्खा महाराष्ट्र बघेल गं."

"अन् ऐकीनबी?"

"हो गं राणी, ऐकेल पण."

हा प्रश्न तिने उगाच विचारला नव्हता. तिचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते, पार पश्चिमेकडे, एका साखर कारखान्याच्या तळावर. तांड्यातली निम्मी घरं जायची आणि पोरंही सोबत जायची. मोठी पोर असली की कोपीवर, म्हणजे तळावरच्या पाचटाच्या झोपडीत, भाकरी टाकायला आणि बारक्यांना सांभाळायला कामी येते. माझ्या मैत्रिणीची तीन वर्षं अशीच अर्धी अर्धी गेली होती. या वर्षी पहिल्यांदा तिच्या आईने तिला आजीजवळ ठेवलं होतं. निघायच्या दिवशी मी तिथंच होते. तिची आई ट्रकच्या फाळक्याला धरून उभी होती आणि मला साक्षीला धरून म्हणाली, "आयकून ठेव वं तूबी. इची खबर बरी येत राह्यली तं पुढच्या सालीबी ठेवीन इले शाळेत. खबर आली नाही, नाहीतं वंगाळ आली, तं तसंच येऊन घेऊन जाईन. मले तिकडं झोप लागली पाह्यजे."

खबर यायची ती अशी. तळाजवळच्या चहावाल्याकडे फोन होता. तिथून ती आमच्या गावच्या किराणा दुकानात फोन लावायची. तांड्यावरून पोरीला बोलावून आणेपर्यंत तिकडची तिची पाळी संपायची, म्हणून दुकानदारच सांगून टाकायचा, "बरी हाये, जेवते, शाळेत जाते." आई त्याच्यावर भरवसा ठेवायची. पण दोन महिन्यांत तिने पोरीचा आवाज ऐकला नव्हता, आणि गेल्या खेपेला तिने दुकानदाराला विचारलं होतं, "खरंच पाह्यली न तुमी तिले?"

म्हणून माझ्या मैत्रिणीला खारीत काडीचा रस नव्हता. तिला चहावाल्याच्या टीव्हीतून आपल्या आईशी बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला लागून असलेल्या वावरात शूटिंग ठेवलं. आता कापसाचा भाग करायचा तर कापूस उभा असताना यावं, एवढं तिसरीतल्या पोराला कळतं. यांना कळलं नव्हतं. वेचणी कधीच उरकली होती, वावरात वाळलेल्या झाडांची नुसती काळी पऱ्हाटी उभी होती आणि बाया सरपणासाठी ती उपटत होत्या. बाई म्हणाली, "अरे, पण पांढरं कुठंय?" आणि गाडी दिग्रसला पाठवली. दिग्रस! जिथं जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या घराएवढ्या असतात. तिथून यांच्या माणसाने काय आणलं, तर औषधाच्या दुकानातले निळ्या कागदातले बँडेजच्या कापसाचे गुंडाळे. ते गुंडाळे फाडून फाडून चिकटपट्टीने पऱ्हाटीला लावण्यात आले. आम्हा सातवीच्या मुलांना कार्यानुभव म्हणून त्या कामाला लावलं होतं.

पऱ्हाटी उपटणारी एक बाई कमरेवर हात ठेवून पाहत राहिली. "झाडाले काय झालं वं? लागलं काय कुठी?"

दुसरी म्हणाली, "टाके घातले असन. हळू वढजो, दुखन त्याले."

पुढे कपड्यांचं. माझी मैत्रीण धुतलेला गणवेश घालून, दोन घट्ट वेण्या घालून आली होती. बाईचा चेहरा पडला. "तुमच्यात ते आरसेवाले कपडे असतात ना? कलरफुल?" मैत्रिणीने सांगितलं की ते आजीचे आहेत, आणि आजी म्हातारी आहे म्हणून घालते. तरी ते आणवले. आजीचा घागरा तिच्या कमरेला तिहेरी गुंडाळून सुतळीने बांधला. मग कॅमेरावाला ओरडला की आरशांमुळे चकाकतंय, काही दिसत नाही. मग प्रत्येक आरशावर चिकटपट्टीचा तुकडा लावला. ज्या आरशांसाठी पोरीचा गणवेश उतरवला तेच आरसे झाकले. मी हे सगळं एका ढेकळावर उभी राहून पाहत होते. मोठ्या माणसांबद्दल माझ्या मनात जो काही आदर शिल्लक होता, तो त्या चिकटपट्टीबरोबर संपला.

खार चालवणारा माणूस सरीमध्ये सतरंजी टाकून उताणा झोपला होता आणि हात वर करून खार नाचवत होता. आवाजही तोच काढायचा. कॅमेऱ्यात फक्त खार दिसायची. बाईने सांगितलं होतं, "खाली बघायचं नाही. खारीच्या डोळ्यात बघून बोलायचं." पण आमच्याकडे खाली माणूस पडलेला असताना वरच्या फडक्याशी बोलायची रीत नाही. खार म्हणाली, "नमस्कार! किती सुंदर आहे तुमचं शेत!" आणि माझी मैत्रीण खाली वाकून म्हणाली, "काका, तुमच्या मानेवर मुंगळे चढून राह्यले."

"कट!"

"अगं, खारीकडे बघ ना."

"मॅडम, चावन न त्यायले."

पुन्हा सुरू झालं. खार म्हणाली, "अय्या, हे पांढरं पांढरं काय आहे?" मैत्रिणीने चिकटवलेला कापूस बोटात धरून पाहिला. "हे दवाखान्यातलं हाये. कापूस असा नसते. कापसात सरकी असते, हात लावला का लागते बोटाले. याच्यात तं काहीच नाही."

सरीतला माणूस हसला. खार हसण्याने हलली. "कट!"

मग तिला वाक्यं पाठ करायला दिली. 'हे आमचं पांढरं सोनं, खारूताई!' 'कापसामुळे आमचं गाव आनंदी आहे.' ती तिने म्हटली. एकदा तिच्या चालीत म्हटली, एकदा मास्तरांच्या आवाजात म्हटली. दुसऱ्यांदा तर इतकी हुबेहूब की आमच्यातले दोघं सवयीने ताठ उभे राहिले. बाईला काहीच पटेना. ती आपल्या मदतनिसाला म्हणाली, "टोन फारच गावठी येतोय. असू दे. नंतर बघू." आणि मैत्रिणीकडे वळून गोड आवाजात, "बाळा, तू आता काहीही बोल. काहीही चालेल. फक्त खारीकडे बघून बोलत राहा, हसत राहा, मध्येमध्ये हात हलव. छान!"

"काहीबी?"

"काहीही."

"माह्या बोलीत?"

"कशातही बोल गं!"

माझी मैत्रीण खारीच्या चष्म्यात बघून बोलू लागली. गोरबोलीत, आईशी. मला तिच्या संगतीने ती बोली अर्धीमुर्धी कळायची. आजीच्या गुडघ्याची सूज उतरली, आता ती नाल्यापर्यंत चालत येते. मी रोज शाळेत जाते, एक दिवस बुडवला नाही. रात्री भीती वाटत नाही. शेळीला दूध चांगलं आहे. बाबाला म्हण खोकल्याचं औषध घे. पुढच्या वर्षी मला नेऊ नको याडी, मी बरी आहे, बघ माझ्याकडे, बरी आहे. बोलता बोलता ती खरंच हसली, आणि हात हलवायला सांगितलं होतं म्हणून हातही हलवला. सरीतल्या माणसाला एक अक्षर कळत नव्हतं, पण खार मान हलवत होती. त्या कुंभारासारखी. त्या खारीने आयुष्यात एकदाच कोणाचं ऐकून घेतलं असेल तर ते तेव्हा, आणि तेही न कळता.

"परफेक्ट!" बाई म्हणाली.

घागरा सोडताना मैत्रीण मला म्हणाली, "समदं सांगतलं वं. आता तिले झोप लागन." कार्यक्रम कोणत्या रविवारी लागणार ते विचारून तिने तळावर निरोप पाठवला. तांड्यावरचा एक जण उशिरा टोळीला जाऊन मिळणार होता, त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं की याडीला सांगशील, रविवारी सकाळी चहावाल्याच्या दुकानात जाऊन बस.

त्या रविवारी भारनियमन होतं. मुख्याध्यापकांनी ट्रॅक्टरची बॅटरी लावून शाळेच्या व्हरांड्यात टीव्ही चालू केला. अर्धा गाव आला होता. बाबाही दुकान टाकून आले होते. मैत्रीण सर्वांत पुढे, आजीला धरून.

बँडेजचा कापूस टीव्हीवर खरोखर सुंदर दिसत होता. ढगासारखा. खार म्हणाली, "अय्या, हे पांढरं पांढरं काय आहे?" पडदाभर माझ्या मैत्रिणीचं तोंड आलं. तिने तोंड उघडलं, आणि त्यातून एक दुसरीच मुलगी बोलली.

"हे आमचं पांढरं सोनं, खारूताई! कापसापासून छान छान कपडे बनतात! आमच्या गावात सगळे खूप खूप आनंदात असतात!"

कुठल्यातरी थंड खोलीत बसून, कागदावरचं बघून, ण आणि न वेगळे काढत बोललेला तो आवाज. ओठ बंद व्हायचे तेव्हा आवाज चालू असायचा. माझी मैत्रीण 'मला नेऊ नको' म्हणून डोळे मोठे करत होती आणि आवाज म्हणत होता, "मलाही नवा फ्रॉक पाहिजे बाई!"

पोट्टे खिदळले. मैत्रीण उठून टीव्हीजवळ गेली. "हे कोण बोलून राह्यलं? हे मी नाही बोलली."

"बस खाली," मुख्याध्यापक म्हणाले. "टीव्हीवर असंच करतात. बघा सगळ्यांनी, किती शुद्ध बोलली आपल्या शाळेची मुलगी!" आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. बोलली म्हणे! मी तेव्हापासून पुष्कळ खोटारडे लोक ऐकले, सभांमधून, निवडणुकांमधून, पण डोळ्यांदेखत मुलीचा आवाज काढून घेतल्यावर तिच्याच शुद्ध बोलण्याचं कौतुक करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आजीला कमी ऐकू यायचं. ती एकटी खूश होती.

त्या संध्याकाळी मी माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा होता 'खारीचा धिक्कार असो'. बाबांनी ते दिव्याखाली धरून वाचलं आणि म्हणाले, "शिव्या लय हायेत, मुद्दा एकच हाये. पण मुद्दा बराबर हाये." ते मी वाहिनीच्या पत्त्यावर पाठवलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. खारीचा रंगीत फोटो, आणि खाली छापलेलं, 'लाडक्या बालमित्रा, तुझं प्रेम असंच राहू दे.' मी शिक्षणावर विश्वास ठेवते, म्हणून शिक्षणाच्या नावाने चाललेला असला लाडिकपणा मला चोरीपेक्षा वाईट वाटतो. चोर निदान चोरी केल्यावर चष्म्यातून बघत आपल्याला बालमित्र म्हणत नाही.

पण फोटो आला तोपर्यंत उशीर झाला होता.

रविवारनंतर दोनच दिवसांनी, मुख्याध्यापकांच्या इतिहासाच्या तासाला, वर्गाच्या दारात माझ्या मैत्रिणीची आई उभी राहिली. साडीवर उसाच्या चिकाचे डाग, डोक्याला फडकं, पायात चप्पल एकाच पट्ट्याची. ती कोणालाही न विचारता आत आली, माझ्या मैत्रिणीची हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं आणि म्हणाली, "बोल."

"याडी?"

"आणखी बोल."

"वर्ग चालू आहे, बाई," मुख्याध्यापक म्हणाले.

"तुमाले नाही म्हनत, गुरुजी. तुमी बसा."

मैत्रीण घाबरून काहीबाही बोलत राहिली आणि आई डोळे मिटून ऐकत राहिली. एकदा तिने पोरीच्या गळ्यावरून हात फिरवला, बाहेरून, जसं गुराच्या मानेवरून फिरवतात. मग तिथंच, पहिल्या बाकाजवळ, जमिनीवर बसली.

दुपारी मैत्रिणीची आई आमच्या दुकानात आली, तेव्हा सगळं कळलं. निरोप मिळाल्यावर तिने टोळीतल्या साऱ्या बायांना चहावाल्याच्या दुकानात नेलं होतं. मुकादमाच्या पाया पडून सकाळ मागून घेतली होती. पोरगी दिसली. तोंड तिचंच, दात तिचे, हात हलवायची रीत तिची. आणि आवाज कोणा परक्या बाईचा.

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने टीव्ही कसा करतात ते कधी पाहिलेलं नाही, त्याने याचा काय अर्थ लावायचा? एखाद्याच्या तोंडातून दुसऱ्याचा आवाज यायला लागला की त्याला आमच्या भागात एकच नाव आहे. बायांनी ते तिथंच घेतलं. "शिरलं वं तिच्या अंगात काहीतरी." एकीने पदर तोंडाला लावला, एकीने लिंबू आणायला सांगितलं. मैत्रिणीच्या आईने माझ्या बाबांना सांगितलं ते मात्र असं होतं. "भाऊ, मी म्हनलं, गळ्याले काही झालं असन, नाहीतं कोणी शिरलं असन. दोन्हीत पोरीजवळ माय पाह्यजे. मी तशीच निघाली."

भानामतीवरची सोळा पानी पुस्तिका तारेवर तिच्या डोक्यावरच लटकत होती. बाबांनी तिला हात लावला नाही. त्यांनी शांतपणे सगळं समजावलं. चित्र वेगळं घेतात, आवाज वेगळा घेतात, मग जोडतात. त्यांनी मला समोर उभं केलं, मला नुसतं तोंड हलवायला सांगितलं आणि माझ्या मागून स्वतः बोलून दाखवलं. मैत्रिणीची आई हुशार होती, पोरगी तिच्यावरच गेली होती. तिला एका फटक्यात कळलं.

"म्हनजे अंगात काही नाही."

"काहीच नाही, ताई. पोरगी एकदम बरी हाये."

"पोरीचं तोंड ठेवलं अन् आवाज काढून टाकला."

"हो."

"काहून?"

बाबांकडे सगळ्या विषयांवर पुस्तिका होत्या. त्यांनी चाकाचा एक आरा उगाच घट्ट केला आणि म्हणाले, "आपली बोली त्यायले बरी नाही वाटली."

मी म्हणाले, "मावशी, तिनं तुमालेच समदं सांगतलं होतं. पुढच्या सालीबी इथंच ठेवजा तिले. ती बरी हाये."

"तू सांगून राह्यली बरी हाये. दुकानदारबी सांगते बरी हाये." ती माझ्याकडे रागाने पाहत नव्हती, हे मला आठवतं. "टीव्हीतबी सांगतच होते न, समदे आनंदात हायेत म्हणून? पोरीचं तोंड लावून सांगत होते. आता मी तिकडं गेली अन् फोनवर कोणी म्हनलं, याडी, मी बरी हावो, तं मी कायले मानू? कोणाचाबी आवाज असन. मी हे पाह्यलं नसतं तं मानलं असतं बाई. आता नाही लागायची मले झोप. माह्या कानाजवळ राह्यली तं लागन."

मी पुष्कळ वाद घातला. मुलींनी का शिकावं, हे मला तोंडपाठ होतं. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुयं खरं हाये, पण." बाबांनीही सांगून पाहिलं. शेवटी त्यांनी नाद सोडला, कारण तिचा तर्क चुकीचा नव्हता. पुराव्याशिवाय मानू नका, हे आमच्याच तारेवर टांगलेलं होतं.

मुख्याध्यापकांना कळलं तेव्हा ते मान हलवून म्हणाले, "अडाणी लोक. एवढं टीव्हीवर आली, तरी शाळा सोडवतात." मी त्यांच्या तोंडावर म्हणाले, "सर, टीव्हीवर आली म्हणूनच सोडवतात." त्याबद्दल मला व्हरांड्यात उभं केलं. तिथून नाल्यापलीकडचा तांडा दिसायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी पुसदच्या गाडीसाठी स्टँडवर आल्या. पुढे आणखी दोन गाड्या बदलायच्या होत्या. आईच्या हातात बोचकं होतं, मैत्रिणीच्या हातात काही नव्हतं. दप्तर तिने आजीकडे ठेवलं होतं. ती माझ्याशी नीट बोलली नाही. बोलणारी माणसं रुसली की कशी दिसतात ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाबांनी तिला तारेवरच्या दोन पुस्तिका काढून दिल्या. तिने त्या घेतल्या, कोणत्या ते पाहिलं नाही.

गाडीत ती खिडकीजवळ बसली. आई तिला एकसारखी कोपराने ढोसत होती, "बोल न वं. गप काहून?" गाडीतल्या बायांना वाटलं असेल, काय तिरपागडी आई आहे. पोरी बडबडतात म्हणून आया त्यांना गप करतात.

"काय बोलू?" मैत्रीण म्हणाली. माझ्यासाठी असेल, ती वऱ्हाडीत बोलली. "समदं तं त्या दिवशी बोलून टाकलं."

"मले कुठी ऐकू आलं? पुन्हा सांग. पह्यल्यापासून."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि तिच्या बोलीत पहिल्यापासून सुरू झाली. फक्त शेवटचं, ते 'मला नेऊ नको', आता सांगण्यात काही अर्थ नव्हता. ते तिने सांगितलं की नाही, मला माहीत नाही. कंडक्टरने घंटी मारली होती.